पंचवटीच्या दरवाज्यापासून कायदेमंडळापर्यंत

श्रोतेहो, नाशिकला आपल्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी जाऊन आले असतील. कोणी सिंहस्थाच्या पर्वणीला गेले असतील, कोणी घरच्या वडीलधाऱ्यांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर, तर कोणी नुसताच कांदा विकायला. गोदावरीचा पूल ओलांडून डाव्या तीरावर आले की पंचवटी लागते. तेथे काळ्या दगडात बांधलेले काळारामाचे मंदिर आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी ते बांधवले. मंदिराला भोवताली उंच तट आणि चार दिशांना चार दरवाजे आहेत. भाविक एका दरवाज्याने आत जातो, दर्शन घेतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो. आपण कोणत्या दरवाज्याने गेलो हे त्याच्या ध्यानातही राहत नाही. उघड्या दरवाज्याची आठवण कोण ठेवतो? आठवण राहते ती बंद दरवाज्याची.

आज मी ज्या माणसाची हकीगत सांगणार आहे, त्याच्या सार्वजनिक आयुष्याची मोठी शिकवणी याच चार दरवाज्यांपाशी झाली. ते म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड. लोक त्यांना कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हणून ओळखतात. जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, गाव दिंडोरी तालुक्यातले आंबे. १९३७ ते १९४६ ते मुंबई विधानसभेचे सभासद होते, १९५७ ते १९६२ लोकसभेचे आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेचे. म्हणजे आमदारकी आणि खासदारकी मिळून वीस वर्षे त्यांनी कायदे करणाऱ्या सभागृहांत काढली. शाळेतल्या इतिहासात ते भेटतात ते मात्र एकाच ओळीत: काळाराम मंदिर सत्याग्रहातले डॉ. आंबेडकरांचे सहकारी. ती ओळ खरी आहे, पण अपुरी आहे. दरवाज्यापाशी बसलेला माणूस पुढे कायदेमंडळात गेला तेव्हा त्याने काय मागितले आणि ते कोणत्या क्रमाने मागितले, हे पाहिले म्हणजे आपल्या गावापर्यंत कायदा कसा येतो, किंवा का येत नाही, याचा पुष्कळ उलगडा होतो.

आता कायद्याबद्दल एक साधी गोष्ट आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. कायदे ढोबळमानाने दोन तऱ्हांचे असतात. एक म्हणतो, ‘असे करता येईल.’ दुसरा म्हणतो, ‘असे केलेच पाहिजे, न केल्यास शिक्षा होईल.’ पहिला मुभा देतो, दुसरा बंधन घालतो. वाचताना दोन्ही सारखेच गोड लागतात. फरक कळतो तो अडलेल्या माणसाला. शेतात जायची वाट शेजाऱ्याने अडवली, तर ‘शेजाऱ्याला वाट देता येईल’ या वाक्याचा आपल्याला काय उपयोग? त्याला वाट द्यायची असती तर त्याने ती अडवलीच नसती!

ही गोष्ट अस्पृश्य ठरवलेल्या समाजाला फार लवकर कळली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चाललेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. ठराव मोठा होता यात शंका नाही. सरकारने तसे हुकूमही काढले. पण हुकूम अमलात आणायचे होते नगरपालिकांनी आणि लोकलबोर्डांनी, आणि तेथे बसलेले लोक गावच्या रीतीला चिकटून होते. शेवटी १९२६ साली बोल्यांना पुन्हा ठराव आणावा लागला, की ज्या संस्था हे पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. कागदावर खुले असलेले तळे खरे खुले व्हायला एवढे करावे लागले, आणि त्यानंतरही कोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

तळे निदान नगरपालिकेचे होते. मंदिराचे काय? त्याला असा कोणताच ठराव लागू नव्हता. तेथे पुजारी होते, विश्वस्त होते आणि रूढी होती.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला मोठी परिषद भरली. परिषद आटोपल्यावर सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक शिस्तीत पंचवटीकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या काठी गेली, तेथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. चारी दरवाज्यांपाशी ही माणसे बसली. आत देव, बाहेर माणसे आणि मध्ये पोलीस, असे ते दृश्य होते. त्यानंतर नऊच दिवसांनी, १२ मार्चला, महात्मा गांधी साबरमतीहून मिठाच्या सत्याग्रहासाठी निघाले. एकाच महिन्यात देशात दोन सत्याग्रह सुरू झाले. एकाचा दरवाजा परक्या सरकारने लावला होता, दुसऱ्याचा आपल्याच माणसांनी. वर्गात शिकवताना शिक्षकांनी या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी जरूर लिहाव्यात.

या सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेब गायकवाड होते. चिटणिसाचे काम कसे असते हे गावच्या जत्रेचा हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. भाषणे इतर करतात, फोटोत इतर असतात. माणसे किती आली, त्यांच्या भाकरीचे काय, उद्याच्या तुकडीत कोण, तुरुंगात गेलेल्याच्या घरी कोण जाऊन आले, हे चिटणिसाने पाहायचे. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी १९३० च्या अखेरीस विलायतेला गेले, १९३१ साली पुन्हा गेले. त्या काळात नाशिकची आघाडी टिकवण्याचा भार अमृतराव रणखांबे आणि दादासाहेब यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांवर होता.

९ एप्रिल १९३० हा रामनवमीच्या उत्सवातला रथाचा दिवस होता. दोन्ही बाजूंमध्ये तडजोड झाली होती, की रथ सर्वांनी मिळून ओढायचा. लोक जमले, पण ऐन वेळी तो शब्द पाळला गेला नाही. अस्पृश्यांचा हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळवला गेला. दगडांचा वर्षाव झाला, माणसे रक्तबंबाळ झाली. भंडारी समाजातला भास्कर कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचे कडे फोडून आत घुसला आणि जखमी होऊन पडला. या प्रसंगाचा अर्थ नीट पाहावा. त्या दिवशी बळाआधी मोडला तो शब्द. तडजोड तोंडी होती, ती मोडल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागणार नव्हता. दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेला हक्क मर्जी फिरली की जातो, हे पंचवटीच्या रस्त्यावर हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

सत्याग्रह थांबत-सुरू होत पाच वर्षे चालला. मंदिर मात्र उघडले नाही. १९३४ साली येत्या रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा काय, असे दादासाहेबांनी बाबासाहेबांना विचारले. त्यावर ३ मार्च १९३४ चे, म्हणजे सत्याग्रहाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवसाचे, बाबासाहेबांचे पत्र प्रसिद्ध आहे. आपल्याला मूर्तिपूजेची ओढ होती म्हणून हा सत्याग्रह केला नव्हता, समाजाला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला होता. तो हेतू साधला आहे, आता सारी शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावावी, असा त्या पत्राचा आशय. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि पंचवटीचा सत्याग्रह संपला.

संपला म्हणजे हरला काय? दरवाज्यापुरते पाहिले तर हरलाच म्हणावे लागेल. परंतु या पाच वर्षांत नाशिक जिल्ह्याच्या गावोगावी सभा घेणारी, वर्गणी जमवणारी, तुरुंगाला न भिणारी माणसे तयार झाली. त्याच माणसांच्या बळावर दादासाहेब १९३७ साली निवडून आले.

ती निवडणूक १९३५ च्या कायद्याप्रमाणे झाली. सरसकट सर्वांना तेव्हा मत नव्हते. शेतसारा, शिक्षण, मालमत्ता अशा अटी होत्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ जागा पुणे कराराने अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेल्या होत्या. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता, आणि त्या पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार निवडून आले. पक्षाचे नावच पाहा ना. त्यात जातीचा उल्लेख नाही, मजुराचा आहे. जाहीरनाम्यात शेतकरी, कूळ, गिरणी कामगार, धंदेशिक्षण, जमीन तारणाच्या पतपेढ्या यांची चर्चा होती. पंचवटीहून असेंब्लीत गेलेल्या आमदाराच्या कामाची दिशा यावरून कळते. देवळाचा प्रश्न मागे पडला होता; पोटाचा आणि जमिनीचा पुढे आला होता.

त्या सभागृहात या पक्षाने काय केले? १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत असेंब्लीवर गेला. संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे बिल आले, तेव्हा पक्षाने त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांनी एक दिवसाचा संप पाळला. आत बिल आणि बाहेर मोर्चा, अशी ही जोडी होती. दादासाहेबांच्या पुढच्या साऱ्या राजकारणात ही जोडी सुटली नाही.

याच विधानसभेने १९३८ साली मंदिरांविषयी एक कायदा केला. ज्यांच्या हाती मंदिर आहे त्या विश्वस्तांना बहुमताने ठरवून ते अस्पृश्यांसाठी खुले करता येईल, असा तो कायदा होता. ऐकायला चांगला; कारण तोपर्यंत एखाद्या विश्वस्ताला मंदिर उघडावेसे वाटले तरी जुन्या वहिवाटीची अडचण होती, ती या कायद्याने दूर झाली. पण श्रोतेहो, मघाशी सांगितलेले दोन तऱ्हांचे कायदे आठवा. हा ‘करता येईल’ म्हणणारा कायदा होता. ज्या विश्वस्तांनी पाच वर्षे दरवाजे लावून घेतले, त्यांच्याच हाती कुलूप आणि किल्ली दोन्ही ठेवणारा होता. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांना त्यात मागण्यासारखे काहीच नव्हते. ते फक्त वाट पाहू शकत होते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. दादासाहेब नऊ वर्षे आमदार होते असे पुस्तकात लिहिलेले असते. पण बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले ते जुलै १९३७ मध्ये आणि महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले ते नोव्हेंबर १९३९ मध्ये. त्यानंतर सारा कारभार गव्हर्नराच्या हाती गेला आणि १९४६ पर्यंत विधानसभेचे काम बंदच पडले. म्हणजे नऊ वर्षांच्या आमदारकीत सभागृह खऱ्या अर्थाने चालले ते सव्वादोन वर्षांच्या आसपास! खोतीचे बिलही तसेच अडकले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

मग उरलेली वर्षे हा आमदार काय करीत होता? येथे महार वतनाचा प्रश्न येतो, आणि तो खेड्यातल्या श्रोत्यांना पुस्तकापेक्षा जास्त चांगला समजेल. गावची सीमा राखायची, पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप पोचवायचे, आल्यागेल्या अंमलदाराचे ओझे वाहायचे, सरकारी भरणा तालुक्याला न्यायचा, मेलेले जनावर ओढायचे. रात्र म्हणू नये, दिवस म्हणू नये. एकाची पाळी असली तरी साऱ्या घरावर हक्क सांगितला जाई. याच्या बदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून बलुते. जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाऊन तिचे तुकडे झाले, काम मात्र तितकेच राहिले. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कौन्सिलात या वतनाच्या सुधारणेचे बिल मांडले होते. ते पुढे मागे घ्यावे लागले. वतन मोडावे तर हातची जमीन जाते, ठेवावे तर गुलामी सुटत नाही, असा हा पेच होता. त्यात युद्धाच्या काळात वतनी जमिनींवरचा आकार वाढवला गेला. त्याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला परिषद झाली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातच, सिन्नरला. सभागृह बंद होते, म्हणून सभागृहाचे काम सिन्नरच्या मैदानावर चालले, असे म्हटले तरी चालेल.

वतन शेवटी गेले ते १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या कायद्याने. सक्तीची चाकरी कायद्याने संपली, ही मोठी सुटका होती. जमीन सरकारजमा होऊन ती जुन्या वतनदाराला कब्जेहक्काची किंमत भरल्यावर परत मिळायची होती, तीही नव्या शर्तीवर. म्हणजे परवानगीवाचून विकता येणार नाही अशी. ज्यांनी वेळेत पैसे भरले त्यांची नावे लागली. ज्यांना कागद कळला नाही किंवा पैसे जमले नाहीत, ते मागे राहिले. आजही कितीतरी सातबारा उताऱ्यांवर ‘महार वतन’ आणि ‘नवीन शर्त’ हे शब्द दिसतात आणि तहसील कचेरीत त्यावरून खेपा पडतात. कायदा झाला त्या दिवशी काम संपत नाही, त्याचा हा पुरावा आहे.

इकडे मंदिराचे काय झाले? १९४६ साली पुन्हा निवडून आलेले सरकार स्थापन झाले. १९४७ मध्ये, मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. हा कायदा दुसऱ्या तऱ्हेचा होता. मंदिरात जाण्याचा हक्क त्याने सरळ माणसाला दिला आणि अडवणे हा गुन्हा ठरवला. विश्वस्तांना काय वाटते हे विचारायची जरूर उरली नाही. १९३८ चा कायदा आणि १९४७ चा कायदा यांच्यात अवघ्या नऊ वर्षांचे अंतर आहे, विषयही एकच. पण एकात अर्जदार उभा आहे आणि दुसऱ्यात हक्कदार. पंचवटीचे चारी दरवाजे कायद्याने उघडले ते असे, पहिली तुकडी बसली त्याला सतरा वर्षे झाल्यावर. त्या वेळी दादासाहेब विधानसभेत नव्हते. आणि खरे सांगायचे तर ज्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या चळवळीचे लक्ष तोवर मंदिरावरून कधीच उठले होते.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राचे वारे जोरात होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते आणि दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. ऑक्टोबर १९५७ मध्ये नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पण लवकरच पक्षात मतभेद होऊन तट पडले. एका बाजूला बी. सी. कांबळे आणि शिकलेले, वकिली पेशाचे कार्यकर्ते होते. दुसऱ्या बाजूला दादासाहेब. पहिल्यांचे म्हणणे असे, की बाबासाहेबांनी घटनेचा मार्ग दाखवला आहे, तोच सोडू नये. साम्यवाद्यांबरोबर जाऊन मोर्चे काढणे हे आपले काम नव्हे. दादासाहेबांचे लक्ष होते खेड्यातल्या भूमिहीनावर. त्याच्याजवळ अर्ज लिहायला हात नाही, पण मोर्चात चालायला पाय आहेत. धोतर नेसणाऱ्या दादासाहेबांच्या गटाला त्या काळी कोणी ‘धोतऱ्यांचा गट’ म्हणूनही हिणवले. दोन्ही बाजूंकडे प्रामाणिक माणसे होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण पंचवटीची पाच वर्षे ज्याने पाहिली, त्याला नुसत्या अर्जावर विसंबणे का पटले नसेल, हेही आपण समजू शकतो.

१९५७ च्या १ एप्रिलला, कृषकदिनी, मुंबई राज्यात कुळे जमिनीची मालक झाली. हा फार मोठा कायदा होता. पण ज्याच्याकडे कुळवहिवाटच नव्हती, जो नुसता मजूर होता, त्याला या कायद्याने काय मिळाले? काही नाही. तो अजून वेशीबाहेरच होता. दादासाहेबांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. खानदेश, मराठवाडा आणि आसपासच्या जिल्ह्यांतली माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती: सरकारी पडीक जमीन पडून आहे आणि राबणारे हात रिकामे आहेत, तर ती जमीन त्या हातांना द्या. १९६१ साली महाराष्ट्रात जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला.

दुसरा मोठा सत्याग्रह ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, सुरू झाला. तो देशभर होता. त्या वेळी दादासाहेब राज्यसभेचे सभासद होते, वय बासष्ट. सत्याग्रहापूर्वी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे निवेदन दिले होते. कोणाही लोकप्रतिनिधीच्या मनात कशाला पहिले स्थान आहे हे पाहायचे असेल, तर त्याची मागण्यांची यादी पाहावी. या यादीत काय होते? संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. कसणाऱ्याला जमीन द्या. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे नीट वाटप करा आणि महागाईला आळा घाला. झोपडपट्ट्यांतले राहणे सुधारा. १९४८ चा किमान वेतन कायदा पुरता अमलात आणा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. दलितांवरचा जुलूम थांबवा. अस्पृश्यता गुन्हा कायद्याप्रमाणे खरा न्याय द्या. नोकऱ्यांतल्या राखीव जागा १९७० पर्यंत भरा.

बारकाईने पाहा, यांतल्या तीन मागण्या नवा कायदा मागत नाहीत. किमान वेतनाचा कायदा होता, अस्पृश्यतेचा कायदा १९५५ पासून होता, राखीव जागांचा नियम होता. मागणी होती ती जे लिहिले आहे ते करा, एवढीच. लाखो माणसांनी तुरुंगात जाऊन सरकारला काय सांगितले, तर तुमचाच कायदा पाळा! या सत्याग्रहात तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले, असे चळवळीच्या इतिहासात नोंदले जाते. फेब्रुवारी १९६५ मध्ये सरकारच्या आश्वासनानंतर सत्याग्रह थांबला.

या मागण्यांचा जमाखर्च मांडू या. बौद्धांच्या सवलती महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या १९६० सालीच दिल्या होत्या; केंद्राने दिल्या त्या १९९० मध्ये. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत लागले तेही १९९० च्या एप्रिलमध्ये. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ ला वारले. म्हणजे या दोन्ही गोष्टी त्यांच्या मागे अठराहून अधिक वर्षांनी झाल्या. जमिनीचे पाहिले तर हिशेब अर्धवट आहे. गायरान आणि पडीक जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने १९९१ साली घेतला. काहींची नावे सातबाऱ्यावर चढली. कित्येकांच्या ताब्यात रान आहे पण हातात कागद नाही. २००४ साली सरकारने दादासाहेबांच्याच नावाने एक योजना काढली: दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. पण जमीन विकणारा सरकारी भावाला राजी झाला तर योजना पुढे सरकणार, नाही तर नाही. पुन्हा तेच पाहा. किल्ली दुसऱ्याच्या हाती राहिली.

दादासाहेबांवर टीका करण्यासारखे काही नव्हते असे नाही. पक्षातली फूट त्यांना टाळता आली नाही. १९६७ साली त्यांनी काँग्रेसबरोबर समझोता केला, आणि ज्या सरकारविरुद्ध सत्याग्रह केला त्याच सरकारच्या पक्षाशी हात का मिळवला, असा प्रश्न त्यांच्याच अनुयायांनी विचारला. तो प्रश्न गैरवाजवी नव्हता. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मानसन्मानापेक्षा त्यांच्या वीस वर्षांच्या मागण्यांची ओळ सरळ राहिली, हे मला अधिक मोलाचे वाटते. माणूस म्हणून प्रवेश, मग वतनाच्या चाकरीतून सुटका, मग मजुरी आणि शेवटी जमीन. एक दरवाजा उघडला की पुढचा बंद दरवाजा दिसतो. ते त्या पुढच्या दरवाज्यापाशी जाऊन बसत गेले.

शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमची सहल पंचवटीला गेली, तर मुलांना सीतागुंफा आणि रामकुंड दाखवाच. पण काळारामाच्या एका दरवाज्यापाशी पाच मिनिटे थांबवा. येथे ३ मार्च १९३० ला पंचवीस बायका बसल्या होत्या, हे सांगा. मग परत आल्यावर १९३८ आणि १९४७ चे दोन कायदे एकेका वाक्यात फळ्यावर लिहा आणि मुलांनाच फरक ओळखू द्या. नागरिकशास्त्राचा धडा यापेक्षा सोपा करून सांगता येईल असे मला वाटत नाही.

आणि खेड्यातल्या श्रोत्यांना एवढेच सांगणे, की उद्या ग्रामसभेत एखादा ठराव वाचला गेला, किंवा एखाद्या योजनेचे पत्रक आले, तर त्यात ‘करता येईल’ लिहिले आहे की ‘केले पाहिजे’, हे आधी पाहा. ‘करता येईल’ असेल तर किल्ली कोणाच्या हाती आहे ते विचारा. प्रश्न विचारायला आमदार असावे लागत नाही. आंबे गावच्या भाऊराव गायकवाडांनी तो विचारायला सुरुवात केली, तेव्हा तेही आमदार नव्हते; बंद दरवाज्यापाशी बसलेल्या माणसांची यादी लिहिणारे एक चिटणीस होते.